डॉक्टरांचे सर्वेक्षण करताना या चुका टाळा

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, सादर करण्याची तारीख जवळ आली की पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या यादीत एक विषय हमखास असतो, तो म्हणजे रुग्णालयातील डॉक्टरांचे सर्वेक्षण. त्यात रुग्णांचा पाठपुरावा करावा लागत नाही, रक्ताचे नमुने घ्यावे लागत नाहीत, खर्च जवळजवळ नसतो आणि ज्यांना प्रश्न विचारायचे ते डॉक्टर त्याच आवारात रोज भेटतात. हा सोपेपणा फसवा आहे. जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात प्रबंध तपासताना सर्वाधिक दुरुस्त्या मला याच प्रकारच्या अभ्यासांत सुचवाव्या लागतात, आणि त्यांतील बहुतेक चुका विश्लेषणाच्या टप्प्यावर झालेल्या नसतात. पहिला फॉर्म वाटण्यापूर्वीच त्या होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे संख्याशास्त्रज्ञाकडे कितीही फेऱ्या मारल्या तरी त्या पुसता येत नाहीत.

छेद नसलेली टक्केवारी

सर्वांत मोठी चूक अशी घडते. गुगल फॉर्म तयार होतो, त्याची लिंक निवासी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकली जाते, दोन आठवड्यांत दीड-दोनशे उत्तरे येतात आणि प्रबंधात ‘सहभागी डॉक्टरांपैकी 72 टक्के’ अशा धर्तीची वाक्ये लिहिली जातात. फॉर्म किती जणांपर्यंत पोहोचला होता, असे विचारले की उत्तर मिळत नाही. गटात उत्तीर्ण होऊन गेलेले डॉक्टर असतात, एकच जण तीन गटांत असतो, कोणीतरी लिंक दुसऱ्या महाविद्यालयातील मित्राला पाठवलेली असते आणि त्या मित्रानेही उत्तर दिलेले असते. अशा वेळी अंश, म्हणजे उत्तर देणाऱ्यांची संख्या, हाताशी असतो, पण छेद, म्हणजे ज्यांना विचारले त्यांची संख्या, नसतो, आणि छेद नसेल तर ती टक्केवारी नक्की कोणाची, हे सांगता येत नाही.

उत्तर न देणारे आणि देणारे सारखेच असतील, असे गृहीत धरण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. हे गृहीतक किती कच्चे आहे, याचे उदाहरण डॉक्टरांवरच झालेल्या एका थोर अभ्यासात सापडते. ऑक्टोबर 1951 मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील नोंदणीकृत डॉक्टरांना धूम्रपानाविषयी एक छोटी प्रश्नावली टपालाने पाठवली. सुमारे 59,600 डॉक्टरांपैकी सुमारे 40,700 जणांची वापरण्याजोगी उत्तरे आली, म्हणजे प्रतिसाद साधारण दोन तृतीयांश होता. पुढे नोंदींशी ताडून पाहिल्यावर असे दिसले की, सुरुवातीच्या काळात उत्तर देणाऱ्यांचा मृत्युदर एकूण डॉक्टरांच्या मृत्युदरापेक्षा बराच कमी होता. आधीच गंभीर आजारी असलेल्यांनी प्रश्नावली भरलीच नव्हती. हा फरक डॉल आणि हिल यांना ओळखता आला, कारण त्यांच्याकडे संपूर्ण यादी होती. आपल्या रुग्णालयात कामाच्या ताणाचे सर्वेक्षण करताना सलग इमर्जन्सी करून थकलेला पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर फॉर्म उघडतही नसेल, तर ज्याच्याविषयी अभ्यास आहे तोच त्यातून गळतो. उलट, संतापलेले तेवढेच उत्तर देत असतील, तर चित्र दुसऱ्या बाजूला झुकते. यांपैकी काय घडले आहे, हे यादीशिवाय कळणार नाही.

म्हणून सर्वेक्षणाची सुरुवात प्रश्नावलीपासून नव्हे, तर यादीपासून करावी. महाविद्यालयाच्या पदव्युत्तर शाखेकडून विभाग, वर्ष आणि लिंग यांनुसार डॉक्टरांची संख्या मिळवावी. दीर्घ रजेवर असलेले, बाहेर प्रतिनियुक्तीवर गेलेले आणि संशोधक स्वतः यांना वगळण्याचा निकष आधीच लिहून ठेवावा. प्रत्येक युनिटमध्ये किती फॉर्म दिले आणि किती परत आले, याची वही ठेवावी. दोन-तीन वेळा आठवण करून द्यावी आणि प्रत्येक उत्तराची तारीख नोंदवावी, कारण तिसऱ्या आठवणीनंतर आलेली उत्तरे पहिल्या आठवड्यातील उत्तरांहून वेगळी असतील, तर अजिबात न आलेली उत्तरे कोणत्या दिशेची असतील, याचा थोडा अंदाज येतो. शेवटी, उत्तर देणाऱ्यांची विभागवार आणि वर्षवार विभागणी मूळ यादीशेजारी मांडणारा तक्ता प्रबंधात असलाच पाहिजे. हा एक तक्ता पाहून मी पुढची पंधरा पाने कशी वाचायची, ते ठरवते.

सांगितलेले म्हणजे केलेले नव्हे

‘आमच्या रुग्णालयातील बहुसंख्य डॉक्टर रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात स्वच्छ करतात’ असा निष्कर्ष प्रश्नावलीवरून काढता येत नाही. प्रश्नावलीवरून इतकेच म्हणता येते की, बहुसंख्य डॉक्टरांनी आपण हात स्वच्छ करतो, असे सांगितले. हा शब्दच्छल वाटेल, पण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या दोन विधानांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ते अंतर दिल्लीत मोजले गेले आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती क्षयरोगाच्या ठरावीक लक्षणांसह रुग्ण म्हणून खासगी दवाखान्यांत गेल्या. एकूण 250 भेटींपैकी केवळ 52 भेटींत, म्हणजे 21 टक्के वेळा, रुग्ण योग्य रीतीने हाताळला गेला. याच अभ्यासात काही व्यावसायिकांना तसाच रुग्ण कागदावर मांडून ‘तुम्ही काय कराल’ असे विचारले, तेव्हा 73 टक्के जणांनी छातीचा एक्स-रे किंवा थुंकीची तपासणी सांगितली. तशाच लक्षणांची व्यक्ती प्रत्यक्ष समोर बसली, तेव्हा हे प्रमाण 10 टक्के होते. त्या नमुन्यात एमबीबीएस नसलेले व्यावसायिकही होते, त्यामुळे हे आकडे शिक्षण रुग्णालयावर जसेच्या तसे लावू नयेत. परंतु कागदावर उत्तर देणारी आणि दवाखान्यात बसणारी माणसे तीच होती, हे विसरता येत नाही. त्यांच्याकडे ज्ञान होते, ते कृतीत उतरत नव्हते. केवळ प्रश्नावली वापरली असती, तर ‘प्रशिक्षण शिबिरे घ्यावीत’ ही नेहमीची शिफारस झाली असती आणि खरा अडसर तसाच राहिला असता.

याचा अर्थ असा नव्हे की, प्रत्येक प्रबंधात अशा प्रशिक्षित व्यक्ती पाठवाव्यात. मात्र वर्तनाविषयी काही म्हणायचे असेल, तर प्रश्नावलीच्या जोडीला निदान एक तरी दुसरा पुरावा हवा. वॉर्डात ठरावीक वेळी केलेले निरीक्षण, डिस्चार्ज कार्डांवरील अँटिबायोटिकच्या नोंदी, प्रयोगशाळेकडे कल्चरसाठी आलेल्या नमुन्यांची संख्या किंवा हात स्वच्छ करण्याच्या द्रावणाचा महिन्याचा खप यांपैकी काहीही चालेल. तेही शक्य नसेल, तर शीर्षकातून ‘आचरण’ हा शब्द काढून ‘स्वतः सांगितलेले आचरण’ असे लिहावे.

प्रश्नांची रचना

एका प्रबंधाचे मूळ फॉर्म मी गठ्ठा सोडून चाळले होते. बऱ्याच फॉर्मवर ‘सहमत’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणांची एकच सरळ ओळ होती, आणि त्या ओळीत परस्परविरोधी दोन विधानेही सामावलेली होती. फॉर्म शुक्रवारच्या क्लिनिकल मीटिंगच्या शेवटी, सर्व जण उठण्याच्या घाईत असताना वाटले होते. दोष डॉक्टरांचा नव्हता. साठ विधाने, लहान टाइप आणि दुपारची ओपीडी समोर असताना कोणीही तेच केले असते. प्रश्नावली दहा मिनिटांच्या आत पूर्ण होते का, हे दहा-बारा जणांवर घड्याळ लावून पाहावे, आणि ते दहा-बारा जण नंतरच्या नमुन्यात घेऊ नयेत.

‘तुम्ही रुग्णाला औषधाचा पूर्ण कोर्स समजावून सांगता आणि त्याची केसपेपरवर नोंद करता का?’ या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. समजावून सांगणारा पण नोंद न करणारा डॉक्टर कोणत्या चौकटीत खूण करणार? ‘अँटिबायोटिकचा अनावश्यक वापर टाळावा, असे तुम्हाला वाटते का?’ हा तर प्रश्नच नाही, कारण त्याला ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर सापडणार नाही. त्याऐवजी ‘कालच्या ओपीडीत सर्दी-खोकल्याचे किती रुग्ण पाहिले, आणि त्यांपैकी किती जणांना अँटिबायोटिक लिहिले?’ असे विचारावे. ‘नेहमी’, ‘बहुधा’, ‘कधीकधी’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो, पण कालचा दिवस सर्वांसाठी एकच असतो आणि तो आठवतोही.

सूत्र लावले, पण कशाला?

नमुन्याची संख्या काढण्यासाठी 4pq भागिले d² हे सूत्र सर्वांना पाठ असते. त्यात p म्हणजे अपेक्षित टक्केवारी, q म्हणजे 100 वजा p आणि d म्हणजे चालणारी त्रुटी. गोंधळ होतो तो d कसा धरायचा, यावर. अपेक्षित प्रमाण 20 टक्के असेल आणि 5 टक्के निरपेक्ष त्रुटी चालणार असेल, तर 256 डॉक्टर लागतात. तीच त्रुटी अपेक्षित प्रमाणाच्या 10 टक्के, म्हणजे 2, धरली तर 1600 लागतात. अनेक सिनॉप्सिसमध्ये यांपैकी कोणती त्रुटी धरली, हे लिहिलेलेच नसते. महाविद्यालयात मिळून 120 निवासी डॉक्टर असताना 384 चा नमुना मंजुरीसाठी आलेलाही मी पाहिला आहे. लोकसंख्या इतकी लहान असेल, तर लहान लोकसंख्येसाठीचे दुरुस्तीचे सूत्र लावून ती संख्या 92 वर येते. पण खरे सांगायचे तर 120 जणांत नमुना काढण्यापेक्षा सर्वांनाच विचारावे आणि सारी शक्ती प्रतिसाद वाढवण्यावर खर्च करावी.

अनेक रुग्णालयांतील डॉक्टर घेतले असतील, तर एकाच युनिटमधील डॉक्टर एकाच वरिष्ठांकडून शिकतात आणि म्हणून सारखी उत्तरे देतात, हे विसरू नये. तीस-तीस जणांच्या दहा गटांतील 300 उत्तरे आणि गटांतर्गत साम्य (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण) अवघे 0.05 धरले, तरी त्यांचे वजन सुमारे 122 स्वतंत्र उत्तरांइतकेच भरते.

निनावी फॉर्म, ओळखीचा माणूस

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. फॉर्मवर नाव नाही म्हणून तो निनावी, असे मानले जाते. पण पहिल्याच पानावर विभाग, वर्ष, वय आणि लिंग विचारलेले असते. अस्थिव्यंगोपचार विभाग, दुसरे वर्ष, स्त्री, एवढे लिहिले की अनेक महाविद्यालयांत एकच व्यक्ती उरते. वर उल्लेख केलेल्या गठ्ठ्यात काही जणांनी विभागाचे नाव लिहून नंतर पेनने गिरवून काळे केले होते. त्यांना जे कळले, ते संशोधकाला आधी कळायला हवे होते. विभागांऐवजी शस्त्रक्रिया-शाखा आणि इतर शाखा असे मोठे गट ठेवावेत, वयाऐवजी वयोगट घ्यावा, आणि पाचपेक्षा कमी जण असलेला रकाना कोणत्याही तक्त्यात छापू नये.

विभागप्रमुखांच्या हस्ते फॉर्म वाटणे किंवा त्यांच्या टेबलावर गोळा करणे टाळावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये वरिष्ठ-कनिष्ठ नात्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या व्यक्ती मानले आहे, आणि निवासी डॉक्टर एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि कर्मचारीही. ‘प्रश्नावलीच तर आहे’ म्हणून एथिक्स कमिटीकडे न जाण्याची प्रथाही सोडावी. अभ्यासाला सूट मिळू शकते, पण ती देण्याचा निर्णय कमिटीचा असतो, संशोधकाचा नाही.

नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणाऱ्यांनी त्यातील नववा प्रश्न पुन्हा वाचावा. तो स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरण बरे वाटण्याच्या विचारांविषयी आहे. निनावी फॉर्मवर कोणी त्याला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले, तर ती व्यक्ती कोण, हे तुम्हाला कळणार नाही, आणि असे उत्तर आले आहे, हेही कळते तीन महिन्यांनी डेटा भरताना. म्हणून त्याच पानावर, त्या प्रश्नाच्या खालीच, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आणि महाविद्यालयाबाहेरील समुपदेशकाकडे जाण्याची सोय छापावी. मानसोपचार विभागाशी बोलणी फॉर्म वाटण्यापूर्वी झालेली असावीत.

एकच शब्द, अनेक व्याख्या

बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या ताणाने येणाऱ्या थकव्याच्या, अभ्यासांत 22 विधानांची मास्लाक प्रश्नावली सर्रास वापरली जाते. तिच्यासाठी परवाना घ्यावा लागतो, हे अनेकांना छपाई झाल्यावर समजते. तिचे तीन स्वतंत्र भाग आहेत, आणि इतर दोन भागांच्या उलट कर्तृत्वाच्या भावनेच्या भागात जास्त गुण चांगले मानले जातात, तरीही सर्व 22 विधानांची सरसकट बेरीज करून ‘बर्नआउट स्कोअर’ दिलेले प्रबंध येतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 45 देशांतील 182 अभ्यास तपासले, तेव्हा डॉक्टरांमधील बर्नआउटचे प्रमाण 0 पासून 80.5 टक्क्यांपर्यंत आढळले, आणि बर्नआउट किंवा त्याचे भाग ठरवण्याच्या किमान 142 वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या. अशा स्थितीत ‘आमचे प्रमाण अमुक राज्यातील प्रमाणापेक्षा जास्त आहे’ या चर्चेला काही अर्थ राहत नाही. कोणती व्याख्या आणि कोणती सीमा वापरणार, हे उत्तरे पाहण्याआधी सिनॉप्सिसमध्येच लिहावे.

फॉर्म वाटून झाल्यावर चूक लक्षात आली तर

छेद माहीत नसेल, तर प्रतिसादाचे प्रमाण अंदाजाने लिहू नये. नमुना सोयीने घेतलेला आहे, असे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहावे आणि टक्केवारी ‘उत्तर देणाऱ्यांपैकी’ अशीच मांडावी. शक्य असेल तर यादी मिळवून, उत्तर न देणाऱ्या वीस-पंचवीस जणांना कमिटीच्या मंजुरीने केवळ तीन मुख्य प्रश्न नव्याने विचारावेत. दुहेरी प्रश्न विश्लेषणातून पूर्ण वगळावा, पण मूळ प्रश्नावली परिशिष्टात जशीच्या तशी जोडावी. सरळ खुणांच्या ओळी असलेले फॉर्म किती होते, ते मोजावे आणि त्यांच्यासह व त्यांच्याशिवाय असे दोन्ही निकाल द्यावेत. चाळीस तुलना केल्या असतील, तर चाळीसच लिहाव्यात, कारण प्रत्यक्षात काहीच फरक नसला तरी लक्षणीयतेच्या 0.05 या पातळीवर सरासरी दोन तुलना ‘लक्षणीय’ दिसणार असतात. सर्वेक्षणांच्या अहवालासाठी 2021 साली तयार झालेली क्रॉस ही तपासणी-यादी समोर ठेवून प्रत्येक मुद्दा कोणत्या पानावर आहे, ते लिहावे. एखाद्या मुद्द्यासमोर पान क्रमांक लिहिता आला नाही, तर ती जागा कोरी सोडावी आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी मार्गदर्शकांना दाखवावी.