जुन्या फोर बाय फोरचा गळका रेडिएटर घरी कसा बदलायचा

रेडिएटर बदलणं तसं अवघड काम नाहीये, जुन्या फोर बाय फोरमध्ये तर उलट सोपं कारण बोनेटखाली जागा असते, हात आत जातो, सगळं बोल्टवर असतं. पण बरेच जण जुना काढतात नवा लावतात आणि संपलं असं समजतात, मग थोड्याच दिवसात नवा पण पाझरायला लागतो आणि सगळा दोष पार्टवर जातो. जुना ज्या कारणाने फुटला ते कारण गाडीत तसंच राहिलं तर नव्याचं पण तेच होणार, म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी थोडा वेळ नुसतं बघण्यात घालवा.

पहिली गोष्ट, रेडिएटरच गळतोय का ते नक्की करा. थेंब जिथे पडतो तिथेच लीक असतं असं नाही, पंखा कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) मागे उडवतो आणि ते क्रॉस मेंबरवरून (सांगाड्याच्या आडव्या पट्टीवरून) ओघळत कुठेतरी भलतीकडेच टपकतं. इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन वाळलेल्या कूलंटचे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी चट्टे शोधा, ते खोटं बोलत नाहीत. वॉटर पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, पंपाचं सील गेलं की पाणी तिथून येतं आणि नाव रेडिएटरचं होतं. प्रेशर टेस्टर मिळाला तर फारच छान, तो रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसवायचा आणि झाकणावर जेवढं प्रेशर लिहिलंय (बहुतेक १३ ते १६ पीएसआय) तेवढंच मारायचं, जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल दिसत नाही तर डॅशबोर्डखाली हीटरची जाळी बघा, तिथलं कार्पेट ओलं आणि गोडसर वास असेल तर लीक तिकडे आहे. आणि इंजिन चालू असताना झाकणाच्या तोंडातून सतत बुडबुडे येतायत (झाकण गार असतानाच काढून ठेवायचं, मग इंजिन चालू करायचं), ऑइल दुधाळ झालंय, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतोय असं काही असेल तर तो हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातल्या सीलचा) विषय, आधी ते काम करा. नाहीतर सिलेंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसून नवा रेडिएटर पण फुगवेल.

एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते म्हणून सांगतो. कूलंट खूप कमी झालं की टेंपरेचरचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो, म्हणजे इंजिन भाजतंय आणि काटा गार दाखवतोय. त्यामुळे लीक असलेली गाडी नुसत्या काट्याच्या भरवशावर चालवू नका, सारखं उतरून लेव्हल बघा.

लीक बंद करायची पावडर किंवा लिक्विड टाकायचं का, माझं मत स्पष्ट आहे, नको. ते भोक बुजवतं तसं हीटरच्या बारीक नळ्या पण बुजवतं, आणि जुन्या रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या आधीच क्षाराने भरलेल्या असतात. डोंगरात अडकलात आणि दुसरा उपायच नाही तर गोष्ट वेगळी. तसं अडकल्यावर आणखी एक जुनी युक्ती आहे, इंजिन गार झाल्यावर झाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल ठेवायचं म्हणजे सिस्टीममध्ये प्रेशर बनत नाही आणि गळती बरीच कमी होते, पण प्रेशर नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार, त्यामुळे हळू चालवायचं, चढावर जोर लावायचा नाही आणि सोबत पाणी ठेवायचं.

आता कारण. ऑफ रोड गाडीत रेडिएटर सहसा पिळून मरतो. चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) वळते, एक चाक खड्ड्यात एक वर, आणि रेडिएटर रबरी बुशवर तरंगता बसलेला असतो म्हणून तो हा पीळ सहन करतो. ते रबर वीस-तीस वर्षांत दगड होतं किंवा कोणीतरी काढून टाकून नुसते वॉशर लावलेले असतात, मग चासीचा सगळा पीळ सरळ टाकीच्या जोडावर. तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये नळी आणि प्लेटच्या जोडाचा डाग (सोल्डर) सुटतो, अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल तर जोडातलं रबर पाझरतं नाहीतर प्लास्टिकला चीर जाते. त्यामुळे तुमचा जुना जर टाकीच्या कडेला, कोपऱ्यात गळत असेल तर आधी बुश बघा. पुढची जाळी फुटली असेल तर दगड. इंजिनच्या बाजूने गोल ओरखडे असतील तर पंखा लागलाय, म्हणजे इंजिन माउंटिंग बसलंय किंवा खोल पाण्यातून गाडी नेताना पंख्याची पाती पुढे वाकून जाळीला घासलीयत.

आणि आतून खड्डे पडून भोकं झाली असतील तर कूलंट जुनं झालंय, नाहीतर अर्थिंग खराब आहे. विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), जास्तीचे लाइट, दुसरी बॅटरी असं काय काय जोडलेलं असतं आणि इंजिनची अर्थची पट्टी मात्र गंजलेली, मग करंट कूलंटमधून रस्ता काढतो आणि अॅल्युमिनियम खातो. मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवायची, धातूला न लावता. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर गेलं तर कूलंट आणि अर्थ दोन्हीकडे बघावं लागेल. एकेक लोड चालू करून बघा, ज्याने आकडा उडी मारेल तो गुन्हेगार.

नवा घेताना जुना बाहेर काढून शेजारी ठेवून बघता आला तर सगळ्यात चांगलं. वरच्या खालच्या नळीचा व्यास आणि दिशा, माउंटिंगची भोकं, झाकणाच्या गळ्याची खोली, सेन्सरची जागा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलचे दोन कनेक्शन, आणि जाळीची जाडी. जास्त जाड जाळी म्हणजे जास्त चांगली असं समजून लोक चार ओळींची घेतात आणि मग पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर जागा उरत नाही. पंखा आणि जाळीत साधारण २५ मिलीमीटर तरी असू द्या. जुना तांब्या-पितळेचा असेल आणि टाक्या चांगल्या असतील तर जाळी बदलून मिळते, मला स्वतःला तो पर्याय खूप आवडतो कारण तांब्या-पितळेचा पुढे कधी फुटला तरी डाग देता येतो, प्लास्टिकच्या टाकीला काही करता येत नाही.

काढायला सुरुवात करा इंजिन पूर्ण गार असताना. पूर्ण म्हणजे हात लावून पण गार, कोमट नाही. गरम सिस्टीमचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, ह्यात कुठलीही घाई चालणार नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, विशेषतः समोर इलेक्ट्रिक पंखा असेल तर, कारण तो इंजिन बंद असताना पण फिरू शकतो. खाली पसरट टब ठेवा, हीटर गरमवर करा म्हणजे तिकडचं पण निघेल, खालचा ड्रेन कॉक उघडा. प्लास्टिकचा कॉक असेल तर हळू, तुटतो, जाम असेल तर त्याच्याशी मारामारी न करता खालची नळी काढून कूलंट सोडा. ब्लॉकला पण एक ड्रेन प्लग असतो, निघाला तर उत्तम. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका, चवीला गोड असतं आणि इथिलीन ग्लायकॉल कुत्र्या-मांजरांना थोडं जरी पोटात गेलं तरी जीव घेतं, मुलांच्या हाताला पण लागू देऊ नका. गटारात किंवा मातीत पण ओतायचं नाही, डब्यात भरून जिथे जुनं ऑइल घेतात तिथे विचारा.

नळ्या चिकटलेल्या असतात. ओढू नका, आधी पिळा, पिळून सुटली नाही तर ब्लेडने लांबीत चीर द्या, नळी तशी पण नवीनच टाकायची आहे. जुना रेडिएटर परत वापरणार असाल तर पितळेचा गळा पक्कडीने दाबू नका, गोलाई गेली की नवी नळी कधीच नीट बसत नाही.

मग पंखा आणि श्राउड (पंख्याभोवतीचं कव्हर). बऱ्याच गाड्यांत श्राउड सोडवून पंख्यावर मागे सरकवला की रेडिएटर वर येतो, काहीत पंखा पण काढावा लागतो. बोल्टवर असेल तर १० किंवा १२ नंबरचा पाना लागतो आणि बेल्ट घट्ट असतानाच ते सैल करा नाहीतर पुली फिरत राहते. व्हिस्कस पंखा (आत सिलिकॉन ऑइलचा क्लच असलेला) एका मोठ्या नटावर असेल तर त्याचे आटे सरळ आहेत की उलटे हे आधी मॅन्युअलमध्ये बघा, लँड रोव्हरच्या ३०० टीडीआयला उदाहरणार्थ ३२ मिलीमीटरचा नट आणि उलटे आटे आहेत, ते माहीत नसेल तर माणूस तासभर तो घट्टच करत बसतो. काढलेला व्हिस्कस पंखा आडवा टाकू नका, उभा ठेवा, आतलं सिलिकॉन ऑइल बाहेर येऊ शकतं. ऑटोमॅटिकच्या ऑइल पाइपला दोन पाने लावा, एकाने रेडिएटरकडचा नट धरायचा दुसऱ्याने पाइपचा सोडायचा, नाहीतर पाइपच पिळला जातो. निघालेल्या ऑइलचा रंग बघा, गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलंय आणि गिअरबॉक्स तातडीने दाखवायला लागेल. खालचे बोल्ट चिखलाने आणि गंजाने जाम असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, मोडण्यापेक्षा एक रात्र थांबलेलं परवडतं.

रेडिएटर बाहेर आला की जागा मोकळी आहे तोवरच बाकीची कामं उरका. एसीचा कंडेन्सर समोर असेल तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे चिखल, गवताचं बी, किडे यांचा चक्क थर बसलेला असतो, बाहेरून दिसत नाही आणि गाडी का तापते ते कळत नाही. साध्या पाण्याने इंजिनच्या बाजूने पुढे असं धुवा, प्रेशर वॉशर जवळ धरलात तर जाळीचे बारीक पत्रे वाकतील. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून ब्लॉक उलट दिशेने पाण्याने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. नवा थर्मोस्टॅट, वरची खालची दोन्ही नळ्या, क्लॅम्प, बेल्ट, झाकण, हे सगळं आताच बदला. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा हा सल्ला ऐकू नका, इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं. त्याला जो छोटा हलणारा पिन असतो तो वर ठेवून बसवा म्हणजे अडकलेली हवा निघते. खालच्या नळीत स्प्रिंग असेल तर नवीन नळीत पण पाहिजे, पंपाच्या ओढीने ती नळी चपटी होते आणि जास्त आरपीएमला पाणीच येत नाही. वॉटर पंपाची शाफ्ट हलवून बघा, खेळ असेल तर तोही आत्ताच.

बसवताना नव्या जाळीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा, आत सोडताना पंख्याचं पातं लागून नवीन जाळी फाटलेली मी पाहिलीय आणि फार वाईट वाटतं. बुश नवे टाका आणि माउंटिंगचे बोल्ट रबर जरा दबेल एवढेच आवळा, पार चेपून टाकलं तर रबर असून नसल्यासारखंच. क्लॅम्प गळ्यावरच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. श्राउड परत लावाच, तो नसेल तर पंखा जाळीच्या मधल्याच भागातून हवा ओढतो आणि कोपरे तसेच गरम राहतात, हळू चालणाऱ्या ऑफ रोड गाडीला तर हे फार महागात पडतं. बॉडी लिफ्ट केलेली (चासीवरून बॉडी उंच उचललेली) असेल तर पंखा श्राउडच्या मधोमध राहिलाय का बघा. हाताने पंखा पूर्ण फिरवा, कुठे लागत नाही ना.

भरताना ५०-५० मिक्स करा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी नको. हे मिश्रण सुमारे उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही आणि १५ पीएसआयच्या झाकणाखाली साधारण १२९ डिग्रीला उकळतं. ब्लॉक धुतलाय म्हणजे आत साधं पाणी बरंच अडकलेलं आहे, धुण्याचं शेवटचं पाणी डिस्टिल्डच वापरा, आणि मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघून त्याच्या निम्मं शुद्ध कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्डने भरा, प्रमाण बरोबर येतं. रंग बघून कूलंट निवडू नका, रंग कंपनीप्रमाणे बदलतो, डब्यावरचा प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका.

हवा काढणं हाच खरा संयमाचा भाग. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर फुल गरम, झाकण उघडं, हळूहळू ओता, वरची नळी दाबत राहा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुड्याशिवाय धार येईपर्यंत उघडा. मग इंजिन आयडलवर, थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली जाते आणि वरची नळी गरम होते, तेवढं भरा, झाकण लावा. हीटरमधून गार हवा येतेय म्हणजे आत अजून हवा आहे. ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअर ऑइल पण चेक करा.

पहिली फेरी जवळचीच मारा, परत येऊन पूर्ण गार झाल्यावर लेव्हल बघा, बहुधा थोडी उतरलेली असते, ती भरा आणि रिझर्व्हॉयरवर पेनाने खूण करा. दोन-तीनदा गरम-गार झालं की नव्या नळीचं रबर बसतं, तेव्हा क्लॅम्प एकदा परत आवळा. पहिल्या खडबडीत ट्रिपनंतर मात्र जाळीची इंजिनकडची बाजू टॉर्चने नक्की बघा, पंख्याचा एक जरी ताजा ओरखडा दिसला तर इंजिन माउंटिंग बदलल्याशिवाय गाडी परत डोंगरात नेऊ नका.