सर्दीची गोळी मेंदूत शिरेल का, हे कसे ओळखावे

गळीत हंगामात रात्रभर उसाची ट्रॉली ओढणाऱ्या किंवा गगनबावड्याहून करूळ घाट उतरणाऱ्या चालकाने सर्दीची गोळी घेण्यापूर्वी पाकिटावरील घटकाचे नाव वाचावे. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन किंवा प्रोमेथाझिन असेल, तर ती घेऊन गाडी चालवू नये. अनेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते, म्हणून पूर्ण यादी पाहावी.

यामागचे कारण मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीत आहे. शरीरात इतरत्र या भिंतीच्या पेशींच्या मधल्या फटींतून बरेच पदार्थ झिरपतात; मेंदूत मात्र शेजारच्या पेशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात, हे रीस आणि कार्नोव्हस्की या शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. त्यामुळे आत जायचे तर पेशीच्या स्निग्ध आवरणातूनच जावे लागते. ऑक्सिजन, मद्य आणि लहान, स्निग्धात विरघळणारे रेणू सहज जातात. ग्लुकोजला स्वतंत्र वाहक प्रथिन लागते. आणि आवरणात शिरलेले अनेक रेणू पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप पुन्हा रक्तात फेकतो. हा पंप मला या साऱ्या रचनेतील सर्वांत विलक्षण भाग वाटतो, कारण अडथळा केवळ बंद भिंत नसून सतत ऊर्जा खर्चून राखण करतो, हे त्यातून कळते.

क्लोरफेनिरामाइन आत पोहोचते आणि जागे ठेवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचे काम रोखते, म्हणून झोप येते. सर्दीच्याच दुसऱ्या गोळ्यांतील फेक्सोफेनाडिनला हाच पंप बाहेर ठेवतो. सेटिरिझिन थोडेसे आत जाते. काहींना त्याने गुंगी येते, म्हणून पहिली गोळी कामाच्या दिवशी घेऊ नये. कोणत्याही गोळीवर मद्य घेऊ नये.

घरात कंपवाताचा रुग्ण असेल, तर हेच ज्ञान जेवणाच्या वेळेलाही लागू करावे. कंपवातात मेंदूत कमी पडणारे डोपामाइन हे रसायन हा अडथळा ओलांडत नाही, म्हणून मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामाइन होईल असे लेव्होडोपा हे औषध देतात. ते अमिनो आम्लांच्या वाहकातून आत जाते. मटणाच्या ताटासोबत गोळी घेतली, तर त्या प्रथिनांतील अमिनो आम्ले आतड्यात आणि मेंदूच्या दारातही त्याच वाहकासाठी स्पर्धा करतात आणि औषधाचा परिणाम उशिरा किंवा कमी होऊ शकतो. अशा रुग्णांना गोळी बहुधा जेवणाआधी सुमारे अर्धा तास घेण्यास सांगतात. मळमळ होत असल्यास डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी, आणि प्रथिने बंद न करता दिवसभरात कशी विभागायची तेही त्यांनाच विचारावे.