ग्रामीण रुग्णालयातल्या खाटांचा वापर कसा काढायचा

रोज रात्री 12 वाजता वॉर्डातले दाखल रुग्ण मोजा. महिन्याची बेरीज म्हणजे रुग्ण-दिवस. 30 खाटांच्या रुग्णालयात जूनचे खाटा-दिवस म्हणजे 30 खाटा × 30 दिवस = 900. रुग्ण-दिवस 720 असतील तर वापर 80 टक्के. डिस्चार्ज आणि मृत्यू मिळून 240 असले, तर सरासरी मुक्काम 3 दिवस.

घोळ होतो तो खाटांच्या आकड्यात. कागदावर मंजूर खाटा वेगळ्या, प्रत्यक्ष वापरातल्या चालू खाटा वेगळ्या. वर्षावर्षांची तुलना करताना दोन्हींपैकी एकच धरा. जमिनीवर गादी टाकून ठेवलेला रुग्णही मोजायचाच. वापर 100 टक्क्यांच्या वर गेला तरी आकडा कापू नका, जादा खाटा मागताना तोच पुरावा असतो. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी गेलेले रुग्ण रात्रीच्या मोजणीतून निसटतात. त्यांचा प्रत्येकी 1 दिवस धरा.