ठाणे स्टेशनवरून रोजचा प्रवास सुरू करताय? मग हे वाचा

माझा मावसभाऊ नाशिकहून नोकरीसाठी ठाण्याला आला आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा चुकीच्या गाडीत बसला, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

आधी स्टेशनचा नकाशा डोक्यात बसवा. पश्चिमेला एक नंबर प्लॅटफॉर्म, पूर्वेला म्हणजे कोपरीच्या बाजूला 10 नंबर. ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या 9 आणि 10 वरून सुटतात, त्यामुळे तुम्ही पश्चिमेकडून येत असाल आणि वाशी, पनवेलची गाडी पकडायची असेल तर अख्खा पूल ओलांडावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी त्या पुलावर चालत नाहीत तर सरकतात, म्हणून सात-आठ मिनिटं हातात ठेवाच. कोपरीकडून आलात तर हेच काम दोन मिनिटांचं. फास्ट गाड्या 5-6 वर. हा प्लॅटफॉर्म आधी इतका अरुंद होता की दोन्हीकडे गाडी लागली की जीव मुठीत धरून उभं राहायचं, 2024 मध्ये मे संपता संपता 63 तासांचा ब्लॉक घेऊन तो रुंद केला. तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, आता कोणाला आठवतही नाही.

आता इंडिकेटर, भाऊ इथेच फसला. आधी गाडी कुठे जाणार त्याचं अक्षर येतं, मग फास्ट की स्लो, मग वेळ. के म्हणजे कल्याण, टी ठाणे, ए अंबरनाथ, बीएल बदलापूर, टीएल टिटवाळा, इथवर ठीक. पण कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस! आणि स्लोलाही एसच. म्हणजे दोन एस दिसले तर ती कर्जत स्लो, आणि एस पुढे एफ असेल तर कर्जत फास्ट. भावाने नुसता एस बघितला, स्लो म्हणून चढला, कळव्याला उतरायचं होतं आणि उतरला थेट डोंबिवलीला. बहुतेक फास्ट गाड्या कळवा-मुंब्र्याला थांबत नाहीत हे लक्षात ठेवा. अनाउन्समेंट पण ऐका, ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलतो तेव्हा तीच कामाला येते.

बसायला जागा हवी असेल तर सीएसएमटीच्या फास्टचा हट्ट सोडा आणि ठाण्याहून सुटणारी स्लो धरा. वेळ थोडा जास्त जातो पण बसून जाता. काही जण मुलुंडवरूनच ठाण्याला संपणाऱ्या गाडीत बसून येतात आणि तीच गाडी परत फिरली की खिडकी त्यांची, याला रिटर्न मारणं म्हणतात. मारायचंच असेल तर निदान ठाण्यापर्यंतचा पास किंवा तिकीट ठेवा, टीसीला ही युक्ती तुमच्यापेक्षा जास्त माहितीये.

तिकीट मोबाईलवर काढणार असाल तर घरातून किंवा रिक्षात असतानाच काढा, स्टेशनात शिरल्यावर पेपरलेस तिकीट निघत नाही आणि मग लाइन लावावी लागते. रोज जाणार असाल तर सरळ पासच काढा. पश्चिमेला बाहेर पडलात की टीएमटीच्या, म्हणजे ठाणे पालिकेच्या बस वर सॅटिसच्या (स्टेशनबाहेरच्या) पुलावर आणि रिक्षा खाली, नवीन माणूस खाली बस शोधत फिरतो.

आणि हो, ज्या स्टेशनला रोज शिव्या घालणार आहात ते साधं नाही. 16 एप्रिल 1853 ला दुपारी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच आली होती, 34 किलोमीटर, 14 डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि 400 च्या आसपास पाहुणे. आज एवढी माणसं सकाळच्या फास्टच्या दीड-दोन डब्यांत मावतात, ती पण पाहुणे नाहीत. पुढच्या वर्षी 1 मे 1854 ला रेल्वे कल्याणला पोचली. ट्रान्सहार्बर मात्र अगदी अलीकडची, 2004 ची, त्याआधी ठाण्याहून वाशीला जायचं म्हणजे बस नाहीतर कुर्ल्याला जाऊन गाडी बदला. दिघा गाव स्टेशन तर 2024 च्या जानेवारीत सुरू झालं, त्यामुळे जुना नकाशा बघून ऐरोलीपर्यंतची स्टेशनं मोजत बसू नका, एक वाढलंय.

रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉकची बातमी बघायची. माटुंगा-मुलुंड असा ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर येतात आणि सगळंच वेळापत्रक कोलमडतं, लग्नाला वगैरे जायचं असेल तर अर्धा तास आधीच निघा. गाडीत बॅग राहिली किंवा काही लफडं झालं तर 139 वर फोन करा आणि डबा कितवा होता ते सांगा. तेच नेमकं कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून चढतानाच डब्यावरचा नंबर बघायची सवय लावा.