घरी असलेल्या गंभीर रुग्णासाठी रात्रीची तयारी कशी करावी

माझी आत्या हाडांत पसरलेल्या कर्करोगाने कोथरूडच्या घरी अकरा आठवडे अंथरुणाला खिळून होती. त्या काळात तिला दोनदा मध्यरात्री कॅज्युअल्टीत न्यावे लागले, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते: दिवसाची सगळी व्यवस्था चोख असूनही रात्री काय करायचे, हे घरात कोणीच ठरवून ठेवले नव्हते. अशा रुग्णाची शुश्रूषा ज्यांच्या अंगावर आली आहे, त्यांनी तयारीची सुरुवात रात्रीपासून करावी, असे माझे मत त्यातून झाले.

पहिले काम म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजेच वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपशामक उपचारांच्या, डॉक्टरांना लवकर गाठणे. केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही हे उपचार घेता येतात. ‘आता घरी न्या’ असे सांगितले जाईपर्यंत थांबल्यास शिकायला वेळच उरत नाही. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे पॅलिएटिव्ह केअर आणि प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून असून तेथे शुल्क घेतले जात नाही. अशा केंद्रात रुग्णासोबत काही दिवस राहण्याची संधी मिळाल्यास कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, औषध कसे मोजायचे हे परिचारिकांकडून शिकून घ्यावे. पहिल्या भेटीतच एक प्रश्न स्पष्ट विचारावा: रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, आणि त्या वेळी तो उचलला जाईल का?

यानंतरचा विषय मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाचा. या नावाने घरातले लोक दचकतात, आमच्याकडेही दचकले होते. पण डॉक्टरांनी वेदनेच्या प्रमाणात ठरवलेल्या मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकत असल्याने ती दुखण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्यावी लागते. रात्री दोनची गोळी चुकली, तर पहाटेपर्यंत कळ इतकी चढते की ती उतरवायला अर्धा दिवस जातो. म्हणून झोपताना दुप्पट मात्रा किंवा बारा तास चालणारी गोळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. स्वतःच्या अंदाजाने मात्रा वाढवू नये. मधेच उसळणाऱ्या कळेसाठी द्यायची जादा मात्राही आधीच लिहून घ्यावी. बद्धकोष्ठता जवळजवळ हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्याच दिवसापासून चालू हवे. मूत्रपिंड कमजोर असल्यास ते आवर्जून सांगावे, आणि रुग्ण हाक मारूनही जागा होईनासा झाला किंवा श्वास फार मंदावला तर लगेच फोन करावा. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले असले, तरी ते गल्लीतल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्यामुळे शनिवार-रविवार आणि सणांचा हिशेब करून साठा आणावा, मोजावा आणि कुलपात ठेवावा.

आमच्या फ्रिजवर शेवटी एक कागद चिकटवला गेला. त्यावर ‘२.१०, कळ १० पैकी ७, जादा गोळी, ३.००, कळ ३, झोप लागली’ अशा नोंदी असत. सकाळी फोनवर हा कागद वाचून दाखवला की डॉक्टरांना दिवसाची मात्रा ठरवायला दुसरे काही लागत नसे.

रात्री रुग्ण अचानक अस्वस्थ झाला, कपडे ओढू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर केवळ ‘दुखत असेल’ असे धरून चालू नये. आत्याला दुसऱ्यांदा कॅज्युअल्टीत नेले तेव्हा तिला इंजेक्शन देऊन झोपवले गेले, आणि सकाळी एका परिचारिकेच्या हाताला ओटीपोटात ताठ गोळा लागला तेव्हा कळले की रात्रभर लघवी तुंबली होती. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताच ती शांत झाली. म्हणून शेवटची लघवी आणि शौच कधी झाले, हेही त्या कागदावर असावे. धाप लागल्यास पाठीशी उशा देऊन बसते करावे, खिडकी उघडावी आणि छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर सोडावा. साधा वाटणारा हा उपाय खरोखर उपयोगी पडतो. दर दोन तासांनी कूस बदलावी, एअर बेड असला तरीही. नर्सिंग ब्युरोची मावशी ठेवली असेल तर तिलाही कागद वाचून दाखवावा.

खाण्यावरून घरात सर्वांत जास्त वाद होतात. ‘दोन घास तरी भरव गं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचा जीव तुटत असतो हे खरे, पण शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही आणि गिळता न येणाऱ्याला भरवल्यास घास श्वासनलिकेत जातो. तोंडात गंगाजळ घालायचे असल्यास चमच्याने न ओतता ओल्या कापसाने ओठ आणि जीभ टिपावी.

व्हेंटिलेटर नको, अशी रुग्णाची इच्छा असेल तर तो शुद्धीत असतानाच ती लेखी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचारांबाबतच्या अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केल्याने आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. त्याची प्रत उशाशी असावी, कारण रात्री घाबरलेला मुलगा सगळे विसरतो.

घरी मृत्यू झाल्यास मृत्यूचे कारण नोंदवणारा नमुना ४-अ त्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लागतो, आणि त्याशिवाय वैकुंठ स्मशानभूमीसाठी महापालिकेचा पास मिळवताना अडचण येते. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनी रुग्णाला अधूनमधून येऊन पाहिलेले असावे, आणि ते परगावी गेले असल्यास त्यांच्या जागी कोण येईल, त्याचे नाव व फोन नंबर फ्रिजवरच्या त्याच कागदावर सर्वांत वर लिहून ठेवावा.