यहुदी धर्म वैश्विक की वांशिक? उत्तर असं लिहा

मानवी भूगोलात हा प्रश्न आला की पोरं एका ओळीत ‘वांशिक’ लिहून मोकळी होतात. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. मी नाशिकला क्लास घेतो. तिथे हे उत्तर असं लिहून घेतो.

आधी कसोटी ठरवा. सगळ्या जगानं आपल्यात यावं, असं त्या धर्माला वाटतं का? पांडवलेण्यांत १७ नंबरचं लेणं कोरवून घेतलंय ते इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं. उत्तरेकडून आलेला ग्रीक इथे बौद्ध संघाला दान देतो, हा झाला वैश्विक धर्म. तिकडे त्र्यंबकला उपाध्यायांच्या नामावळीत तुमच्या खापरपणजोबांचं नाव निघतं, तो झाला जन्मानं चालत आलेला, म्हणजे वांशिक धर्म.

यहुदी धर्म दुसऱ्या बाजूला बसतो. आई यहुदी तर मूल यहुदी, हा परंपरेचा नियम. इतरांनी यहुदी व्हावं अशी अपेक्षाच नाही. त्यांनी नोहाचे सात नियम, म्हणजे सगळ्या माणसांसाठी सांगितलेले मूलभूत नियम, पाळले की पुरे.

आता खरे मार्क. दार बंद नाही, हे लिहाच. येणाऱ्याला रब्बीनं, म्हणजे यहुदी धर्मगुरूनं, आधी परतवायचं अशी प्रथा आहे. तरी तो टिकला तर अभ्यास, तिघांच्या धर्मन्यायालयापुढे हजेरी, पुरुषाची सुंता आणि मिकवे नावाच्या कुंडात पूर्ण बुडी. मग तो पुरता यहुदी. यहुद्यांच्या दावीद राजाची पणजी रूथ मुळात मवाबी, म्हणजे परक्या लोकांतलीच होती! उलट बाजूही द्या: जन्मानं यहुदी पण पुढे कॅथलिक साधू झालेल्या ओसवाल्ड रूफायझेनला इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये ‘परतीच्या कायद्या’चा, म्हणजे यहुदी म्हणून इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याच्या हक्काचा, लाभ नाकारला.

‘वांशिक’ लिहिलं म्हणून रक्त, चेहरेपट्टी यांत शिरू नका. आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, बघा: पेणकर, रोहेकर, घरात मराठी, पूर्वी धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणत ‘शनिवार तेली’. इस्राएलला गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका काढली. मंडळी रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं सरकारनं जाहीर केलं.

शेवटी ‘दोन्ही’ असं गुळमुळीत नको. ‘वांशिक, पण धर्मांतराला जागा ठेवणारा’ लिहा आणि पुढचा प्रश्न घ्या.