वणव्याच्या आधी: कोकणातल्या बागा आणि वाड्यांसाठी तयारीची यादी

वनविभागाच्या हिशेबात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनला संपतो. कोकणातले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, ही तारीख पाळत नाहीत. पावसात छातीएवढं वाढलेलं गवत डिसेंबरातच पिवळं पडतं आणि जानेवारीपासून डोंगराला धूर दिसू लागतो. त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं रान खासगी मालकीचं, म्हणजे तिथे सरकारी जाळरेषा नाही आणि फिरता वनरक्षकही नाही. हे काम वाडीचंच आहे, आणि ते डिसेंबरातच धरावं लागतं. आग लागल्यावर डहाळ्या घेऊन धावणाऱ्यांनी जेवढ्या बागा वाचवल्या, त्याहून जास्त बागा दीड महिना आधी काढलेल्या जाळरेषेने वाचतात.

जाळरेषा म्हणजे जिथे जळायला काहीच उरलेलं नाही असा पट्टा. सपाटीवर तो निदान दहा फूट हवा, बागेच्या उताराकडच्या खालच्या अंगाला वीस फूट. खालून चढणारी ज्वाळा उताराला टेकून पुढे झुकते आणि पुढचं गवत आधीच तापवून वाळवते. चढ दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. पहिली कापणी डिसेंबरच्या अखेरीस करावी. त्याआधी कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो. फार उशीर केला तर ग्रासकटरचं पातं कातळावर घासून ठिणगी उडते आणि आग आपल्याच हाताने लागते. कापणी सकाळी दव असताना, जवळ पाणी ठेवून करावी. कापलेलं गवत पट्ट्यातच पडून राहणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. ते त्याच दिवशी उचलून उडवीला (गवताच्या गंजीला) न्यावं आणि खालची माती दिसेपर्यंत दाताळं फिरवावं.

हे झालं की काम संपलं असं धरू नये. ऐन, किंजळ, साग यांची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरते आणि स्वच्छ काढलेला पट्टा पुन्हा पातेऱ्याने, म्हणजे गळलेल्या वाळक्या पाल्याने भरतो. फेब्रुवारीच्या मध्याला आणि मग दर पंधरा दिवसांनी एकदा खराटा मारावाच. पाणंद किंवा गाडीरस्ता जाळरेषा म्हणून धरला असेल तर दोन्ही बाजूंची करवंदं आणि रानमोडीचं तण तोडावं. वरून फांद्या भिडलेल्या असतील तर खालच्या मोकळ्या मातीचा उपयोग नाही.

गडग्याकडे, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाकडे नीट बघा. चिऱ्यांच्या आणि दगडांच्या फटींत वर्षानुवर्षं साठलेला पाला चिमटीत धरला तर भुगा होतो. आग बाहेरून विझली तरी हा भुगा आत धुमसत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की गडग्याच्या आतल्या अंगाने बाहेर येतो. बागेच्या खालच्या बाजूचा गडगा तरी काठीने कोरून साफ करावा.

बागेत प्रत्येक कलमाभोवती तीन-चार फुटांचं गोल आळं मोकळं करावं. ओल टिकावी म्हणून घातलेलं आच्छादन मात्र मनापासून घातलेलं असतं, ते काढवत नाही. कडेच्या दोन-तीन ओळींतलं तरी मार्चपर्यंत आतल्या ओळींत हलवावं किंवा त्यावर चार बोटं माती ओढावी. जमिनीला टेकलेल्या फांद्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत छाटाव्या. ठिबकच्या नळ्या गवतातून जात असतील तर तिथे त्या मातीखाली घालाव्या, कारण त्या वितळल्या की जी कलमं वाचली तीही एप्रिलच्या उन्हात पाण्यावाचून जातात. घराजवळची गवताची उडवी गोठ्यापासून निदान पन्नास फूट लांब रचावी, शक्य तर दोन ठिकाणी. बागेवरून विजेच्या तारा गेल्या असतील तर खालचा पट्टा साफ ठेवावा आणि झोळ पडलेल्या तारांची महावितरणकडे लेखी तक्रार जानेवारीतच द्यावी.

आता कारणांकडे. आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही म्हटलं तरी चालेल. तो भाजावळीतून (पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब जाळतात त्यातून) सुटतो, बांध जाळताना सुटतो, शिकारीसाठी मुद्दाम लावला जातो, कोवळं गवत लवकर यावं म्हणून लावला जातो, काजू वेचायला सोपं जावं म्हणून बागेतला पाला पेटवला जातो, नाहीतर रस्त्यावरून कोणी विडी टाकतो. वाडीची बैठक घेऊन भाजावळीचे दिवस ठरवून घ्यावे, म्हणजे एका दिवशी एकाच अंगाला धूर असेल. राब सकाळी नऊच्या आत भाजावा, चारही बाजूंनी दहा फूट माती उघडी करून, चार माणसं आणि एक पिंप पाणी जवळ ठेवून. आग वरच्या अंगाने लावावी, म्हणजे ती हळूहळू खाली उतरते. दुपारी समुद्राकडचा खारा वारा डोंगराकडे चढू लागला की ती हाताबाहेर जाते. आणि राख हाताला गार लागेपर्यंत घरी जेवायला जायचं नाही. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव कायद्याने. बैठकीत हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

साहित्य एका ठिकाणी, सगळ्यांना माहीत असलेल्या पडवीत ठेवावं. दोन-तीन पाठीवरचे सोळा लिटरचे फवारणी पंप (तणनाशकाचे नकोत), कोयते, दाताळी, फावडी, बॅटऱ्या, प्यायच्या पाण्याचे कॅन. वाडीने वर्गणी काढून एक पेट्रोलवरचा ब्लोअर घेतला तर सोन्याहून पिवळं. तो पातेऱ्यावर चालतो, उंच गवतावर नाही. उंच ज्वाळेवर हवा मारली तर ती भडकतेच. ब्लोअरवाल्याने पाला जळालेल्या बाजूला उडवत जावं, मागून डहाळीवाला, त्याच्या मागे पंपवाला. पेट्रोल भरायला आगीपासून लांब जावं. अंगात सुती कपडे आणि पायात बूट हवेत. नायलॉन कातडीला चिकटतं.

फोनमध्ये वनरक्षक, पोलीस पाटील, वायरमन यांचे नंबर, वनविभागाचा 1926 आणि 112 आजच घालून ठेवा. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली तर उपग्रहाला दिसलेल्या आगीचा एसएमएस येतो, पण त्यावर विसंबू नये. सध्या वापरात असलेले उपग्रह मुख्यतः दुपारी आणि मध्यरात्री दीड-दोनच्या सुमारास वरून जातात. तीनला लागलेली आग बाग खाऊन रात्रीच्या आत विझली तर तिची नोंदही होत नाही. संध्याकाळी सड्यावर नजर ठेवणारा माणूसच उपयोगाचा.

प्रत्यक्ष आगीत समोरून जाऊ नका. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने मारत पुढच्या टोकाकडे जायचं. घळीत उतरायचं नाही, आगीच्या वरच्या अंगाला थांबायचं नाही. परतीची जागा म्हणजे उघडा कातळ किंवा जळून काळी झालेली जमीन, ती आधीच ठरवलेली असावी. गुरांची दावी सर्वांत आधी सोडा. डोंगर एकदा सगळीकडून पेटला की माणसांचा जोर पुरत नाही. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. आपल्या सड्यावर ती येतील असं धरून चालता येत नाही.

पुढचं नुकसान पावसात कळतं. उघड्या उताराची माती पहिल्या मोठ्या सरींत वाहून जाते. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि हळू चालणारे जीव जागीच जातात. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी कुसळी गवत आणि रानमोडीच माजते, आणि तीच पुढच्या वर्षी अधिक जोराने पेटते.

आग विझल्यावर तीन दिवस राखण ठेवा. जुने बुंधे आणि वाळलेलं शेण आतून धुमसतं. तारखेसह फोटो काढून तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा मागावा, सातबारा सोबत ठेवावा. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा यांच्या आकड्यांवर चालतो, वणव्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नये. होरपळलेली कलमं घाईने तोडू नका. पाऊस पडून फुटवा कुठून येतो ते दिसलं की तिथपर्यंतच छाटावं आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.